ईसीएचएसची सेवा : सैनिकाच्या घरच्यांना तज्ज्ञ डॉक्टरपर्यंत पोहोचताना

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे फौजी कुटुंबांच्या रोजच्या बोलण्यातली ‘ईसीएचएस’, आमच्या घरात बरीच वर्षे वापरात आहे. माझे वडील, अण्णा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पश्चात आई कुटुंब निवृत्तिवेतनावर आहे आणि तिचे सारे औषधपाणी याच योजनेतून चालते. या योजनेविषयी एरवी जे ऐकू येते ते बहुधा दोन टोकांचे असते. ज्याची बायपास एक रुपया न भरता झाली तो तिचे गोडवे गातो, आणि ज्याला रुग्णालयाच्या काउंटरवरून परत पाठवले तो तिचे नावही काढू देत नाही. मला या परीक्षणात एकाच भागाकडे नीट पाहायचे आहे, तो म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, हवा तो तज्ज्ञ नसताना आणि लष्करी रुग्णालयही जवळ नसताना बाहेरच्या खासगी तज्ज्ञाकडे पाठवणारे रेफरल. साध्या तापाच्या गोळ्या कुठेही मिळतात. योजनेचे खरे मोल ठरते ते आजार गंभीर किंवा कायमचा निघाल्यावर ती रुग्णाला योग्य डॉक्टरपर्यंत किती लवकर आणि किती कमी हाल करून पोहोचवते यावरून.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. ही योजना कोणत्याही फौजी कुटुंबाने सोडू नये, कारण तिच्या तोडीचे संरक्षण बाजारात विकत मिळत नाही. परंतु रेफरलची पद्धत आखताना डोळ्यांसमोर जो लाभार्थी होता, तो छावणीजवळ राहणारा, सरकारी कागदाची भाषा जाणणारा, स्वतःच्या पायांनी चार टेबले फिरू शकणारा निवृत्त जवान होता. आज त्या रांगेत मोठ्या संख्येने उभ्या असतात त्या त्याची विधवा पत्नी, त्याचे थकलेले आईवडील आणि त्यांना हाताला धरून आणणाऱ्या लेकीसुना. या माणसांसाठी ती पद्धत पुन्हा आखायला हवी, आणि ते अवघड नाही.

योजना सुरू झाली १ एप्रिल २००३ रोजी. त्याआधी केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सीजीएचएस ही केंद्राची आरोग्य योजना होती, पण निवृत्त जवानाला जागा असेल तेव्हा लष्करी रुग्णालय आणि काही मोजक्या मर्यादित योजना एवढाच आधार होता. ईसीएचएसने ही उणीव भरून काढली. निवृत्तीच्या वेळी एकदाच अंशदान भरायचे. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार ते हवालदारापर्यंतच्या पदांसाठी ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या पदांसाठी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या पत्नींना ते भरावे लागत नाही. त्यानंतर पती-पत्नी दोघांना आयुष्यभर संरक्षण, आधीपासूनचा आजार असला तरी चालतो, वयाची अट नाही आणि खर्चाला कमाल मर्यादा नाही. खासगी विमा कंपनीचे माहितीपत्रक हातात घेऊन या चार गोष्टी एकत्र कुठे मिळतात ते कोणीही शोधून पाहावे. देशभर ४०० हून अधिक पॉलिक्लिनिक आणि ५० लाखांहून अधिक लाभार्थी असलेली ही व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे खेड्यापाड्यांतल्या अनेक घरांवर जमीन विकून उपचार करण्याची पाळी आलेली नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

रेफरलची कागदावरची वाट अशी आहे. रुग्णाने कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, नोंदणी करायची, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासायचे. त्याच्या मते तज्ज्ञाची गरज असेल आणि त्याच ठिकाणच्या लष्करी रुग्णालयात तो तज्ज्ञ उपलब्ध असेल, तर आधी तिकडे जायचे. नसेल, तर योजनेच्या सूचीतल्या, म्हणजे तिच्याशी करार केलेल्या, खासगी रुग्णालयाच्या नावाने ऑनलाइन रेफरल निघते. कोणते रुग्णालय हे रुग्णाने निवडायचे असते, हे फार जणांना ठाऊक नसते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. सूचीतले रुग्णालय रुग्णाकडून पैसे न घेता उपचार करते, बिल पोर्टलवर चढवते, यूटीआयआयटीएसएल ही संस्था त्याची छाननी करते आणि मग प्रादेशिक केंद्राकडून पैसे अदा होतात. वाचताना हे सारे सरळ वाटते.

प्रत्यक्षात पहिली अडचण भूगोलाची आहे. महाराष्ट्रात फौजेत माणसे जातात ती सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांच्या खेड्यांतून, आणि नोकरी संपल्यावर ती तिथेच परततात. साताऱ्याजवळचे आपशिंगे तर ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. घराघरांतून माणूस लष्करात गेलेली अशी गावे त्या पट्ट्यात आणखीही आहेत. लष्करी रुग्णालये मात्र छावण्यांच्या गावी आहेत: पुण्याचे कमांड हॉस्पिटल, खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, आणि मुंबईत नौदलाचे अश्विनी. लहान ठिकाणच्या पॉलिक्लिनिकमध्ये सहसा एमबीबीएस डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ एवढीच मंडळी असतात, तीही कंत्राटी. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग यांपैकी काहीही निघाले की बाहेर पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे छावणीपासून दूरच्या जिल्ह्यात रेफरल हा अपवाद नाही, तोच मुख्य मार्ग आहे. पण कार्यालयीन वागणुकीत तो आजही काहीतरी विशेष सवलत दिल्यासारखा हाताळला जातो.

आईला पार्किन्सन आहे. हा आजार बरा होत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. लेव्होडोपाच्या गोळीची वेळ चुकली की अर्ध्या तासात तिची पावले जमिनीला चिकटल्यासारखी होतात आणि खुर्चीतून उठवायलाही दोन माणसे लागतात. मात्रा किती, दोन गोळ्यांत अंतर किती, हे ठरवणे मेंदूविकारतज्ज्ञाचेच काम आहे आणि ते दर काही महिन्यांनी पुन्हा ठरवावे लागते. अशा रुग्णाला सकाळी पहिल्या एसटीने तालुक्याहून निघून पॉलिक्लिनिक गाठायचे असते, कारण नोंदणीचे नंबर लवकर संपतात. नव्या ६४ केबीच्या स्मार्ट कार्डासोबत अंगठ्याची ओळख पटवावी लागते. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात, आणि तो अंगठा थरथरत असेल तर यंत्र त्याला ओळखतच नाही. आईचा अंगठा काचेवर ठेवून मी तो वरून दाबून धरते, यंत्रावर लाल दिवा लागतो, मग दुसरे बोट, मग डाव्या हाताचे. पलीकडे बसलेला कारकून स्वतः निवृत्त नाईक आहे. तो दर वेळी म्हणतो, “वहिनी, तुम्ही बसून घ्या, कार्ड ताईंकडं राहू द्या, मी बघतो.” आणि तो खरोखरच बघतो. हे मुद्दाम नोंदवते, कारण या पॉलिक्लिनिकांत माणुसकीची वानवा मला कधी जाणवली नाही. तिथली माणसे आपल्यातलीच आहेत, बऱ्याच जणांनी अण्णांसारखीच वर्दी घातलेली आहे. तुटवडा आहे तो अधिकाराचा आणि वेळेचा.

वैद्यकीय अधिकाऱ्याला एका सकाळी किती रुग्ण तपासावे लागतात ते बाहेरच्या बाकावर बसल्यावर कळते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आलेले म्हातारे, तपासायला आणलेली लहान मुले आणि पार्किन्सनची आई, सगळे एकाच रांगेत. ज्याला केवळ मागच्या रेफरलचे नूतनीकरण हवे आहे त्याच्यासाठी वेगळी खिडकी नाही. डॉक्टर मागचे कागद पाहतात, मान हलवतात आणि तेच रेफरल पुन्हा काढून देतात. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी हेच केले असते, कारण मेंदूविकारतज्ज्ञाने दिलेले निदान एमबीबीएस डॉक्टरने बदलण्याचा प्रश्नच येत नाही. मग त्या भेटीतून वैद्यकीयदृष्ट्या काय साधले? रुग्ण जिवंत आहे आणि कार्ड त्याचेच आहे, एवढी खातरजमा झाली. ती करायला आजारी माणसाला एवढा प्रवास करायला लावणे मला न्याय्य वाटत नाही. आजार जन्मभराचा आहे हे एकदा तज्ज्ञाने लिहून दिले की रेफरलची मुदतही त्याला साजेशी असावी. वयोवृद्ध लाभार्थ्यांना सूचीतल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात थेट जाण्याची मुभा योजनेने दिलेली आहे, आणि ती फार मोलाची आहे. परंतु त्या वयापर्यंत न पोहोचलेल्या, तरी त्याहून अधिक परावलंबी झालेल्या रुग्णाचे काय, याचे उत्तर वयाच्या आकड्यात सापडत नाही. आजाराचे स्वरूप हाच निकष हवा.

दुसरा पेच सूचीचा आहे. ‘अमुक रुग्णालय ईसीएचएसवर आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण एखादे रुग्णालय सूचीत असते ते ठरावीक विभागांपुरते. डोळ्यांचे रुग्णालय डोळ्यांपुरते असणे समजण्यासारखे आहे. मात्र मोठ्या बहुविध रुग्णालयातही हाडांचा विभाग सूचीत असतो आणि मेंदूविकाराचा नसतो, असे घडते. आमच्याबाबतीत असेच झाले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नावाजलेल्या रुग्णालयाचे रेफरल घेतले, तिथे पोहोचलो, आणि काउंटरवर सांगण्यात आले की न्यूरोलॉजी आमच्या करारात नाही. डॉक्टर त्याच इमारतीत, दोन मजले वर, रुग्ण तपासत बसलेले होते. आईला परत नेण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून रोख शुल्क भरून तपासून घेतले. ते पैसे परत मिळत नाहीत, कारण तातडीची स्थिती नसताना सूचीबाहेर घेतलेला सल्ला योजनेत बसत नाही. नियम म्हणून मला तो मान्य आहे; पण कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग सूचीत आहे ही माहिती पॉलिक्लिनिकच्या भिंतीवर, मराठीत, ताज्या तारखेसह लावलेली असावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. संकेतस्थळावर ती इंग्रजीत असते आणि लांबलचक तक्त्यांत असते. आमच्या भागातल्या निवृत्त जवानांनाही ती वाचणे जड जाते, मग त्यांच्या पत्नींची गोष्ट दूरच राहिली.

जिल्ह्याच्या गावांत आणखी एक प्रकार आहे, ज्याची योजनेने अजून पुरेशी दखल घेतलेली नाही. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मेंदूविकारतज्ज्ञ, मूत्रविकारतज्ज्ञ, सांधेविकारतज्ज्ञ आठवड्यातल्या ठरावीक दिवशी एखाद्या लहान दवाखान्यात येऊन बसतात. ग्रामीण भागातली बरीचशी तज्ज्ञसेवा आज या ‘व्हिजिटिंग’ डॉक्टरांच्या जिवावर चालते. तो दवाखाना सूचीत नसल्यामुळे फौजी कुटुंबाला तोच डॉक्टर भेटण्यासाठी त्याच्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जावे लागते, किंवा इथेच खिशातून पैसे द्यावे लागतात. ज्यांना परवडते ते पैसे देतात. ज्यांना परवडत नाही ते पुढच्या महिन्यावर ढकलतात, आणि पार्किन्सनसारख्या आजारात पुढचा महिना म्हणजे एखादे पडणे, एखादे मोडलेले खुब्याचे हाड असू शकते.

तिसरी गोष्ट रेफरलवरच्या शब्दांची, आणि ही वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पहिल्यांदा सूचीतल्या योग्य रुग्णालयात पोहोचलो तेव्हा तज्ज्ञांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. रेफरलवर केवळ ‘कन्सल्टेशन’ लिहिलेले होते. बिलिंगच्या खिडकीतल्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले, “मॅडम, यात इन्व्हेस्टिगेशन नाहीये, पॉलिक्लिनिकमधून परत लिहून आणावं लागेल.” पुन्हा तोच प्रवास, तोच अंगठा, तीच रांग, एका शब्दासाठी. तेव्हापासून मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी ‘कन्सल्टेशन अँड इन्व्हेस्टिगेशन’ असे दोन्ही शब्द आहेत की नाहीत ते तपासते आणि नसतील तर तिथल्या तिथे घालायची विनंती करते. नकार कधीच मिळालेला नाही. पण हे अनुभवातूनच शिकावे लागते, आणि जिच्या हाताला लेक नाही त्या बाईला ते कोण शिकवणार?

तज्ज्ञाने लिहिलेली औषधे पुन्हा पॉलिक्लिनिकमधूनच घ्यावी लागतात. नेहमीची औषधे बहुतेक मिळतात. मेंदूविकाराची काही औषधे मिळत नाहीत, मग ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन बाहेरून विकत घ्यायची आणि परतावा मागायचा. परतावा येतो, उशिरा येतो. यावर मी अधिक लिहीत नाही, कारण औषधांच्या तुटवड्याविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ मधल्या परीक्षण अहवालातच पुरेसे लिहिलेले आहे.

खासगी रुग्णालयांची बाजूही समजून घेतली पाहिजे, त्याशिवाय हे परीक्षण एकांगी ठरेल. ईसीएचएसला सीजीएचएसचेच दर लागू होतात. तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण सल्ल्याचा दर कित्येक वर्षे १५० रुपये होता. एप्रिल २०२३ मध्ये तो ३५० करण्यात आला. ज्या शहरात मेंदूविकारतज्ज्ञ एका भेटीचे याच्या कितीतरी पट शुल्क घेतो, तिथे १५० रुपयांच्या रुग्णाला तो कोणत्या उत्साहाने वेळ देईल, याचा विचार दर ठरवणाऱ्यांनी इतकी वर्षे करायला हवा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीजीएचएसने आपल्या दरांची मोठी फेररचना केली, तिचा परिणाम आता हळूहळू दिसावा अशी आशा आहे. दुसरे दुखणे थकलेल्या बिलांचे. अर्थसंकल्पात योजनेला मिळणारी रक्कम आणि प्रत्यक्ष बिले यांचा मेळ बसत नाही, छाननीत हरकती निघतात, बिले अडकतात. लहान रुग्णालयाला महिनोन्‌महिने पैशाविना चालवणे शक्य नसते. मग ते करारातून बाहेर पडते, किंवा करारात राहूनही ‘आज ईसीएचएसचा बेड नाही’ असे सांगू लागते. जिच्याकडे रेफरलचा कागद आहे त्या बाईला हा सारा हिशेब दिसत नाही. तिला फक्त समोरचा नकार दिसतो, आणि तो तिला आपल्या नवऱ्याच्या सेवेचा अपमान वाटतो. तिचे तसे वाटणे मी चुकीचे म्हणणार नाही.

मोठ्या उपचारांच्या बाबतीत चित्र पुष्कळच चांगले आहे. अण्णांच्या हृदयाच्या आजारपणात पुण्याच्या लष्करी हृदय-वक्ष संस्थेत, म्हणजे एआयसीटीएसमध्ये, त्यांना जी वागणूक आणि जे उपचार मिळाले त्याला तोड नव्हती. शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, कर्करोगाचे उपचार यांत सूचीतली मोठी रुग्णालयेही फारशी खळखळ करीत नाहीत, कारण तिथे बिलाची रक्कम त्यांना परवडते. तातडीच्या प्रसंगी तर रेफरल लागतच नाही: सूचीतल्या रुग्णालयात थेट दाखल होता येते, आणि सूचीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांच्या आत कळवायचे, खर्च आधी आपण करायचा आणि सीजीएचएसच्या दराने परतावा घ्यायचा. झिजून जातो तो मधला रुग्ण, ज्याचा आजार तातडीचा नाही, शस्त्रक्रियेचा नाही, पण तज्ज्ञावाचून चालतही नाही. पार्किन्सन, संधिवात, अपस्मार, मूत्रपिंडाचा हळूहळू वाढणारा विकार, मानसिक आजार. यांतल्या संधिवातासारख्या काही दुखण्यांत बायकांचा वाटा मोठा असतो आणि त्यांची तक्रार घरातही सर्वांत शेवटी ऐकली जाते.

सध्या गावात एक प्रश्न वारंवार विचारला जातो, म्हणून त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना आयुष्मान भारतचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध झाले आहे, आणि ईसीएचएसच्या लाभार्थ्यांना दोन्हींपैकी एक निवडण्याची मुभा आहे. गावातल्या सुविधा केंद्रावरचा मुलगा सहज म्हणतो, “मावशी, ते मिलिटरीचं कार्ड कटकटीचं आहे, हे घ्या, कुठंही चालतंय.” माझा आग्रहाचा सल्ला असा की हा बदल करू नये. आयुष्मान भारत रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. बाह्यरुग्ण सल्ला आणि दर महिन्याची औषधे त्यात नाहीत. पार्किन्सनच्या रुग्णाला वर्षभर नेमक्या त्याच दोन गोष्टी लागतात. शिवाय ईसीएचएसला रकमेची मर्यादा नाही. ज्या त्रासाला कंटाळून आपण कार्ड बदलू, तो त्रास वाचेल, पण उपचारही जातील.

मग काय बदलावे? मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत’ ही दूरसल्ला सेवा सुरू केली. सैन्यातले डॉक्टर व्हिडिओवर रुग्ण पाहतात, औषध लिहून देतात. जी यंत्रणा रुग्णाला पडद्यावर पाहून औषध लिहू शकते, ती जुन्या, निदान ठरलेल्या आजाराचे रेफरलही नूतनीकरण करू शकली पाहिजे. रेफरल आधीच ऑनलाइन निघते, रुग्णालयही ते संगणकावरच पाहते. त्या साखळीत केवळ रुग्णाची शारीरिक उपस्थिती उरली आहे, आणि तीच सर्वांत महागडी कडी आहे. अंगठा न उमटणाऱ्यांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारने केव्हाच उपलब्ध केली आहे. आई आपला हयातीचा दाखला माझ्या मोबाइलसमोर बसून देते. तीच सोय पॉलिक्लिनिकच्या दारात मिळू नये, याला मला तांत्रिक कारण दिसत नाही. आणि जिल्ह्याच्या गावी बसणाऱ्या व्हिजिटिंग तज्ज्ञांशी योजनेने थेट करार करावा, किंवा त्यांना महिन्यातून एक दिवस पॉलिक्लिनिकमध्येच बोलवावे. एका मेंदूविकारतज्ज्ञाला एका दिवसासाठी आणणे हे चाळीस आजारी माणसांना शंभर किलोमीटर पाठवण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

योजनेला एकूण किती गुण द्यावेत असे कोणी विचारले, तर मी उपचारांना पाचपैकी चार देईन, पॉलिक्लिनिकमधल्या माणसांना साडेचार, आणि रेफरलच्या पद्धतीला दोन. हे दोन गुणही ऑनलाइन रेफरल आणि वृद्धांची सवलत यांमुळे आहेत.

ज्यांच्या घरी वडील किंवा पती अजून हयात आहेत, त्यांनी काही कामे आजच उरकावीत. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सेवापुस्तिकेत, पीपीओत म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, आधारवर आणि ईसीएचएसच्या कार्डावर एकसारखी आहे का ते पाहावे. आमच्याकडे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असलेल्या बायका भरपूर आहेत, आणि पतीच्या निधनानंतर पत्नीच्या नावाने मुख्य कार्ड करताना नेमके हेच अडते. नाव जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, म्हणजे आपल्या सैनिक बोर्डात, त्याची कागदपत्रे करण्यात मदत मिळते. पती बरोबर असताना ते काम फार सोपे होते. अवलंबून असलेल्या आईवडिलांची नोंद केलेली नसेल तर उत्पन्नाच्या अटीत ते बसतात का ते विचारून ती करून घ्यावी. घरात अपंग मूल असेल तर त्याची नोंद कधीही टाळू नये, कारण त्याला वयाची मर्यादा लागू होत नाही. रेफरल मिळाल्यावर त्यावरची मुदत, विभाग आणि ते दोन शब्द खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी वाचावेत. निघण्यापूर्वी रुग्णालयाच्या ईसीएचएस खिडकीला फोन करून तो विभाग करारात आहे का आणि तज्ज्ञ त्या दिवशी बसतात का, हे विचारावे. सूचीतल्या रुग्णालयाने रेफरल असूनही नकार दिला किंवा पैसे मागितले तर भांडत बसू नये; खिडकीवरच्या व्यक्तीला नकाराचे कारण लिहून मागावे, पावती असेल तर जपून ठेवावी आणि त्याच दिवशी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला प्रादेशिक केंद्रात किंमत नसते, लेखी तक्रारीला असते, आणि एकाच रुग्णालयाविरुद्ध अशा पाच-सहा पोचपावत्या जमल्या की तिथली खिडकी सुधारते, हे आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या पत्नींनी एकत्र येऊन करून दाखवले आहे.